चौदाव्या घराची पाहुणी

१

त्या गावात मी एकवीस दिवस सरपण तोलायला गेले होते. कुठल्या घरात कुठल्या झाडाचं किती लाकूड जळतं, हे वरच्या एका ऑफिसला हवं होतं. त्यांनी मला एक लटकवायचा काटा दिला, दोरीची दोन वेटोळी दिली, छापील तक्त्यांची एक जाडजूड वही दिली आणि बसमध्ये बसवून दिलं. घरं चौदा. घरच्या बाईने सकाळी दिवसभराचं लाकूड वेगळं काढायचं, मी ते तोलायचं, झाडं ओळखून लिहायची, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन उरलेलं तोलायचं. वजाबाकी केली की जळलं किती ते कळतं. शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. घरात कुणी आजारी पडलं, पाहुणे आले, जास्तीचं पाणी तापवलं, असलं काही असेल तर तिथे लिहायचं.

पहिल्या दिवशी बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. "लाकडं तोलून झाली की माझ्या सासूलाही तोल गं," एकीने सांगितलं, "तीही वाळून तशीच झालीय." सासू दारातच बसली होती. तीही हसली. त्या दिवसापासून माझं नाव काटेवाली पडलं.

मी राहायला दूधवाल्या मावशींकडे होते. दोन म्हशी, त्यांचा गोठा आणि गोठ्याला टेकून माझी खोली. मावशींचे गुडघे गेलेले होते, पण जीभ आणि नाक शाबूत. धूर हुंगून त्या कुणाच्या चुलीत काय जळतंय ते सांगायच्या.

"बाभूळ कामाची," त्या म्हणायच्या. "पेटायला वेळ घेते, पण एकदा धरली की मागे वळून बघायला नको. चिंच फोडताना रडवते, निखारा मात्र दुपारपर्यंत ठेवते. निलगिरी नुसती तोंडाळ, भडकते आणि विझते. आणि ओला आंबा लावायचा तर आधी डोळ्यांवर पाणी सोडायचं."

मी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. चार दिवसांत मला सालीवरून झाड ओळखता यायला लागलं. काम येत नव्हतं म्हणून पुढचं झालं, असं कुणी म्हणू नये. काम मला चांगलं येत होतं.

२

चौदावं घर गावाच्या वर, एकटं. जुन्या दगडाच्या खाणीला वळसा घालून सुटलेल्या दगडांची चढण, चांगली अर्ध्या तासाची. तिथे शिवणकाकू राहायच्या. पन्नाशीच्या, विधवा, गावाचे सगळे कपडे शिवणाऱ्या. गळ्यात कायम मापाची पट्टी. एकच लांबट खोली. खिडकीखाली पायाने चालवायचं मशीन, भिंतीला खाट, आणि मागच्या टोकाला कमरेएवढी आडभिंत घालून पलीकडे चूल.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांनी सरपण आधीच काढून ठेवलं होतं. सगळी बाभूळ, सगळे तुकडे एका लांबीचे, कापडासारखे बेतून तोडलेले.

"साडेतीन किलो," मी म्हणाले.

"मला वाटलंच होतं. मी अंदाजाने तेवढंच काढलं. बस ना. पाणी पी. किती दिवस येणार तू?"

"एकवीस."

"रोज?"

"रोज, काकू."

त्यांनी पट्टी गळ्यातून काढली आणि एकवीसच्या आकड्यावर अंगठा ठेवून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे एवढे दिवस कुणीतरी येणार," त्या म्हणाल्या, आणि मग बोलायला लागल्या ते थांबल्याच नाहीत. धाकट्या बहिणीचं लग्न, नवऱ्याचा दमा, खाणीत पडलेली शेळी, कुणाच्या सदऱ्याचा खिसा कसा उलटा लागला होता. मी तासाभराने उठले तेव्हा त्या दारापर्यंत बोलत आल्या, आणि चढण उतरताना मागून आवाज येत होता, "डाव्या बाजूच्या दगडावर पाय देऊ नकोस, तो हलतो!"

असं मी तीन दिवस केलं.

३

चौथ्या दिवशी पायाला फोड आला होता. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. तेरा घरं झाली की ऊन डोक्यावर यायचं, आणि वर तो तास माझी वाट बघत बसलेला असायचा. दमा, शेळी, उलटा खिसा. मी चढणीच्या पायथ्याशी एका सपाट दगडावर बसले, वही मांडीवर घेतली आणि लिहिलं: बाभूळ, तीन किलो चारशे.

तीन दिवसांत त्या बाईने कधी साडेतीनच्या फार वरखाली जाळलं नव्हतं. कुणाचं काय बिघडणार होतं?

घरी आले तर मावशी धार काढत होत्या. "वर जाऊन आलीस?"

"आले."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"माझा जीव भांड्यात पडला बघ," मावशी म्हणाल्या. "दर आठवड्याला मी जायचे गं, या गुडघ्यांनी रांगत म्हण हवं तर. एकटी बाई, काही झालं तर कळायचं कुणाला? आता तू रोज जातेस तर मला जायला नको."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण म्हशीने बादलीला लाथ मारली, मावशी तिला शिव्या घालत उठल्या, आणि तो क्षण गेला तो गेलाच.

पाचव्या दिवशी फोड बरा होता. तरी मी दगडावरच बसले. सहाव्या दिवशी तर मला वरच्या वाटेकडे बघायचीही गरज वाटली नाही. उलट मला त्यात गोडी वाटू लागली, हे सांगताना आजही मान वर होत नाही. रोज तोच आकडा लिहिला तर संशय येईल, म्हणून मी तीन सहाशे लिहायची, तीन तीनशे लिहायची. एकदा थोडी चिंच घातली. नवव्या दिवशी मी कंटाळले होते आणि तक्त्यात छापलेल्या झाडांच्या यादीत माझं बोट एका नावावर थांबलं. पांगारा. नाव गोड वाटलं. मी लिहिलं: पांगारा, पाच किलो दोनशे. आता एवढं जास्त का, याला कारण हवं. म्हणून शेऱ्यात लिहिलं: पाहुणी आली आहे.

त्या दुपारी ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. तोवरची पानं मी फोटो काढून पाठवत असे. "तुमच्या चौदा नंबरची माहिती सगळ्यात स्वच्छ आहे," ते म्हणाले. "बाकीची घरं अशी का नाही येत?"

"प्रयत्न करते, सर," मी म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी अंगणात गोवऱ्या रचत होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"शिवणकाकूकडे कोण आलंय गं?"

माझ्या हातात काट्याचा आकडा होता. तो मी दोरीत अडकवत होते. तो अडकेना.

"कोण?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस? रोज तू जातेस. दारात उभी होती मघाशी. पाठमोरी. आधी मला वाटलं तूच, पण तू तर इथे आंघोळीला गेली होतीस."

"असेल कुणी नातेवाईक," मी म्हणाले. मग सांभाळून घेतलं, "हो, पाहुणी आलीय त्यांची. कालच."

"बरं झालं. तिला कुणी येतं म्हणजे आश्चर्यच." मावशींनी नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं. वरच्या घराच्या कौलांतून पांढरा, दाट, लोकरीसारखा धूर निघत होता. तो वर जात नव्हता. चढणीवरून खाली उतरत होता. "पण ही जाळतेय काय? पांगाऱ्यासारखा धूर येतोय."

"पांगारा जाळत नाहीत का?"

मावशी अशा हसल्या की त्यांना गोवरी खाली ठेवावी लागली. "पांगारा जाळायचा म्हणजे धूरच शिजवायचा. भोपळ्यासारखं लाकूड ते. वेडं माणूसही चुलीत घालणार नाही. आणि इथे आहेच कुठे पांगारा? खाणीवर एक होता, तो माझ्या लग्नाच्या आधी पडला."

मी त्या दिवशी तेरा घरं कशीबशी उरकली. मनाला समजावत होते: पाहुणे कुणाकडेही येतात. नवव्या नाही तर दहाव्या दिवशी कुणी तरी आलंच असतं. पाहुणी आपल्या गावाकडून मोळी घेऊन आली असेल, तिला काय कळतंय झाडातलं, मलाही कुठे कळत होतं. हे सगळं पटण्यासारखं होतं. मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी पाठ झालं.

५

मग मी वर जायला हवं होतं ना? तुम्ही असता तर गेला असता.

मला काय वाटलं ते सांगते. मला मोकळं वाटलं. शिवणकाकूंकडे कुणीतरी आहे, म्हणजे त्या एकट्या नाहीत, म्हणजे मी नाही गेले तरी चालेल. दहाव्या दिवशी मी पायथ्याच्या दगडावर बसून लिहिलं: बाभूळ, चार किलो आठशे. शेरा: पाहुणी आहे. अकराव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी तेच. धूर पुन्हा सरळ आणि पातळ झाला होता, बाभळीचा असतो तसा. कधी कधी दगडावर बसल्या बसल्या वरून मशीनचा आवाज ऐकू यायचा, खड्खड्खड्, आणि मी म्हणायची, चाललंय की सगळं.

तेराव्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मशीनवर शिवणारी बाई मध्ये थांबते. कापड फिरवते, दोरा तोडते. हा आवाज थांबत नव्हता. मी पान भरून होईपर्यंत तो एकसारखा चालला होता, आणि मी वही मिटली तेव्हा बंद झाला.

६

चौदाव्या दिवशी मावशींनी माझ्या हातात दुधाचा तांब्या दिला. "जातेच आहेस तर हे दे तिला. पाहुणी आहे, दूध लागेल."

आता सुटका नव्हती. तांब्याला फडकं बांधून मी तेरा घरं बाजूला ठेवली आणि आधी वर चढले. सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन. डाव्या बाजूच्या दगडावर पाय दिला, तो हलला, थोडं दूध सांडलं.

दाराबाहेर सरपण रचलेलं होतं. हात सवयीने काट्याकडे गेला. मी मोळी दोरीत घालून उचलली. त्या दिवशीचं पान, आळस म्हणून, मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवलं होतं. बाभूळ, चार किलो आठशे. काटा थरथरला आणि चार किलो आठशेवर थांबला. मी मोळी खाली ठेवून पुन्हा उचलली. तेवढंच.

'तुझे आकडे अंदाजाचेच असतात,' मी स्वतःला म्हणाले. 'अंदाज बरोबर आला, एवढंच.'

"कोण गं? पुन्हा आलीस?" आतून आवाज आला.

शिवणकाकू खाटेवर होत्या. दोन घोंगड्या अंगावर, वर एक अर्धवट शिवलेली चादर. तोंड एवढंसं झालेलं. डोळे मात्र चमकत होते, आणि मला बघून त्या हसल्या, आणि त्या हसण्यात जराही राग नव्हता. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. भाजला.

"काकू, ताप आहे तुम्हाला! कधीपासून?"

"झाले की दहा-अकरा दिवस. तुला माहीतच आहे. रोज हात लावून बघतेस की."

"मी?"

"नाही नाही, थांब." त्यांनी डोळे बारीक केले. "तू ती पहिली. खरंच की. मला आता तुम्ही दोघी सारख्याच दिसता. तू नाही का तुझ्या जागी पाठवलीस तिला? वही घेऊन आली, म्हणाली, आता मी येणार. मग राहिलीच."

"काकू, मी कुणालाही पाठवलं नाही."

"पाठवलंस गं. बरं केलंस. तू सारखी दाराकडे बघायचीस, मला दिसत होतं ते. तिला घाई नसते. मी बोलते आणि ती ऐकते. सगळं ऐकते, शेळीचं दोनदा ऐकलं." त्यांनी आवाज खाली आणला. "ती बोलत नाही फारसं. नुसते आकडे सांगते. आणि सगळं तोलत बसते बाई. कात्री तोलली, भांडी तोलली. काल माझा पाय उचलून तोलला. म्हणाली, परवापेक्षा कमी."

खोलीत थंडी होती. बाहेर ऊन तापलेलं, आणि आत माझ्या अंगावर काटा उभा राहावा अशी थंडी. मागच्या भिंतीवर मात्र जाळाचा उजेड हलत होता. चूल पेटलेली होती. आडभिंतीपलीकडून लाकूड सारल्याचा आवाज आला. एक. मग थोडं थांबून दुसरं. दोन्हींच्या मध्ये, कागदावर पेन्सिल चालावी तशी बारीक खरखर.

"आता आहे?" मी विचारलं. ओठच हलले फक्त.

"असणारच. जाईल कुठे?"

मी दोन पावलं पुढे गेले. आडभिंतीवरून मला फार थोडं दिसलं. उकिडवी बसलेली पाठ. माझ्यासारखा घट्ट बांधलेला अंबाडा. गुडघ्यावर उघडी वही. चुलीत जाळ होता, पण त्याची धग येत नव्हती, आणि चुलीच्या तोंडाशी चिमूटभरही राख नव्हती. अकरा दिवस लाकूड जळलं तर राख कुठे जाते?

माझा श्वास अडकला. तिकडे खरखर थांबली. पाठ हलली नाही. फक्त ऐकत असल्यासारखी जरा ताठ झाली.

मी पळाले. तांब्या उंबऱ्यावर आपटून सांडला. मागून शिवणकाकू म्हणत होत्या, "अगं, बसली पण नाहीस," आणि मी त्या आजारी बाईला तिथे तशीच सोडून चढण उतरत होते.

७

"दिलं दूध?" मावशींनी विचारलं.

"दिलं."

"कशी आहे?"

मी पूर्ण विचार करून उत्तर दिलं. गोंधळून नाही. ताप आहे म्हटलं असतं तर माणसं लगेच वर गेली असती. खाट खाली आणली असती, कंपाउंडरला बोलावलं असतं. पण मग कधीपासून, असं विचारलं असतं. आणि तू रोज जात होतीस ना, असंही.

"बरी आहे," मी म्हणाले. "पाहुणी आहे ना सोबत."

खोलीत जाऊन दाराला कडी घातली आणि वही उघडली. दोन गोष्टी करता आल्या असत्या. पानं फाडून साहेबांना फोन करायचा आणि सांगायचं की चौदाव्या घराचा शब्दन् शब्द खोटा आहे. मी फोन हातात घेतलाही. मग त्यांचं ते 'सगळ्यात स्वच्छ' आठवलं आणि फोन खाली ठेवला.

मला एवढंच हवं होतं की त्या घराशी माझा संबंध संपावा. कुलूपबंद घरासाठी आमच्या कामात दोन शब्द ठरलेले असतात. त्यांना कुणी प्रश्न विचारत नाही. पंधरा ते एकवीस, सातही दिवसांच्या पानांवर मी एका दमात लिहून टाकलं: घर बंद. घर बंद. घर बंद.

लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. जेवलेसुद्धा.

८

दुसऱ्या दिवशी वर धूर नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हता. तिसऱ्या दिवशी मावशींनी काठी घेतली, मला काही न विचारता निघाल्या, आणि दर दहा पावलांवर बसत वर गेल्या. दार आतून लावलेलं होतं. त्यांनी खाणीच्या कडेवर उभं राहून गावाला हाक मारली. तशी हाक मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

चार पुरुष गेले, त्यांनी दार तोडलं. शिवणकाकू चुलीजवळ होत्या, भिंतीला टेकून बसलेल्या. दुसरं कुणी नव्हतं; पाहुणी आधीच परत गेली असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं. खिडकीला गज होते, मागे दार नव्हतं. चुलीत लाकूड नीट रचलेलं होतं, पण त्याला ठिणगीही लागलेली नव्हती, आणि चूल सारवून ठेवल्यासारखी कोरी होती.

खाट न्यायला चौघं गेले होते. त्यांच्यातल्या सुताराने शिवणकाकूंना एकट्यानेच दोन्ही हातांवर घेतलं आणि खाली आणलं. चढणीवर त्याचा पाय एकदाही अडखळला नाही. अंगणात ठेवल्यावर तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"काय रे?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. मग बाजूला जाऊन हळूच म्हणाला, "त्यात काही वजनच नव्हतं."

त्याने ते मला ऐकू जावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण मी ऐकलं.

कंपाउंडरने तपासलं. "साधा ताप," तो म्हणाला. "वेळेवर चार गोळ्या पोटात गेल्या असत्या तर आज मशीनवर बसली असती." मग मला बघून घाईघाईने म्हणाला, "तुमच्याबद्दल नाही म्हणत मी. तुम्ही होतात म्हणून तर एवढे दिवस निघाले."

सगळे तसंच म्हणत होते. गावात आपण इतकी माणसं, आणि त्या परक्या मुलीने रोज जाऊन बघितलं. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मावशी माझा हात धरून रडल्या. "शेवटच्या दिवसांत तिला माणसाचं तोंड दिसलं ते तुझं," त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून बसले होते, आणि त्याला सगळे दुःख समजत होते.

९

शिवणकाकूंची धाकटी बहीण दोन दिवसांनी आली. लांबचा प्रवास, दोन बस बदलून. तोवर सगळं उरकलं होतं. ती वरच्या घरात सामान आवरायला गेली आणि निरोप पाठवला की काटेवाल्या ताईंना जरा वर पाठवा.

मी गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले. चढणीवर वाक्यं जुळवली होती.

खोली उघडी होती, खिडकीतून ऊन येत होतं, मशीनवर चादर टाकलेली. आता तिथे थंडी नव्हती. बहीण जमिनीवर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. चेहरा शिवणकाकूंचाच, फक्त तरुण.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," मी उभ्यानेच म्हणाले. "मी येत नव्हते. पहिले तीन दिवस आले, मग एकदाच. बाकी सगळं मी खाली बसून लिहिलं. त्यांना ताप होता ते मला चौदाव्या दिवशी कळलं, आणि तेव्हाही मी कुणाला सांगितलं नाही."

तिचे डोळे भरले.

"असं नका हो बोलू, ताई. स्वतःला किती बोल लावून घ्याल? मला सगळं माहीत आहे. ती रोज संध्याकाळी खाणीच्या कडेला येऊन मला फोन करायची. अंगात बळ नव्हतं तर तुमच्या खांद्याला धरून यायची. म्हणायची, ताप आहे जरा, पण ती मुलगी रोज येते, बसते, ऐकून घेते. म्हणून तर मी आले नाही. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त राहिले."

"ती मी नव्हते."

"मग कोण होतं?" तिने रडत रडत, हसल्यासारखं विचारलं.

माझं खरं तिला नकोच होतं. ते घेतलं असतं तर तिला स्वतःच्या न येण्याकडेही बघावं लागलं असतं.

तिने घड्यांच्या तळातून एक निळा कपडा काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. नीट इस्त्री केलेला सदरा, बाह्या पाठीमागे दुमडून टाचणी लावलेली. "फोनवर सांगत होती. उन्हातान्हात फिरते बिचारी, तिला पूर्ण बाह्यांचा एक सदरा शिवतेय, म्हणाली. तापातही शिवला बघा. माप घ्यायला तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा हलायचं नाव घेत नव्हतात म्हणे."

"हो," मी म्हणाले. काय करणार? तिच्या हातावर टपटप पाणी पडत होतं. एवढं तरी तिला द्यावं, असं मला वाटलं. "हो. माझंच माप आहे ते."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला कळलं मी काय बोलले.

"घाला ना एकदा. मला बघू दे."

मी टाचणी काढली. बाही सुटली, खाली गेली, माझ्या गुडघ्याच्याही खाली गेली आणि लोंबत राहिली. बहीण डोळे पुसत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी घाईघाईने हात आत घातला. वाटलं, हात मध्येच कुठेतरी संपेल, उरलेलं कापड मी मुठीत गोळा करीन आणि म्हणेन, थोडी लांब झालीय, दुमडून घेईन. हात आत जात राहिला. कोपरापुढे, मनगटापुढे. कापड कुठेच रिकामं लागेना.

खाली, बाहीच्या टोकातून माझी बोटं बाहेर आली.

बहिणीने वर बघितलं. "किती बरोबर बसलाय," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली.